स्वमग्न व्यक्ती आणि कुटुंबाची सहल : पूर्वनियोजनाची गरज

सुटी लागली की गावी जाणे, कुलदैवताच्या दर्शनाला जाणे, एखादे थंड हवेचे ठिकाण पाहून येणे या गोष्टी मध्यमवर्गीय भारतीय कुटुंबाच्या जीवनक्रमाचा भाग झाल्या आहेत. प्रवासामुळे नातेसंबंध टिकतात, मुलांचे अनुभवविश्व विस्तारते आणि रोजच्या धकाधकीतून घडीभर विसावा मिळतो. ज्या कुटुंबात स्वमग्न अर्थात ऑटिस्टिक मूल किंवा प्रौढ व्यक्ती आहे, त्या कुटुंबाला मात्र सहल हा विसावा वाटण्याऐवजी परीक्षेचा प्रसंग वाटतो. अशी अनेक कुटुंबे हळूहळू प्रवास करणेच सोडून देतात. लग्नकार्याला घरातील एकच माणूस जातो, दुसरा मुलाजवळ थांबतो. पुढे आमंत्रणेही कमी होतात. अशा रीतीने कोणाच्याही मनात नसताना एक कुटुंब समाजापासून तुटत जाते.

हे टाळता येण्याजोगे आहे. त्यासाठी सर्वांत उपयोगी पडणारे साधन म्हणजे प्रवासाचे बारीकसारीक पूर्वनियोजन. स्वमग्न व्यक्तीला ते का लागते, ते कसे करावे आणि त्यात कुटुंबाखेरीज सार्वजनिक यंत्रणांचा वाटा कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात बंगळुरू शहराच्या संदर्भात केला आहे.

स्वमग्नता आणि बदलाची भीती

स्वमग्नता हा मेंदूच्या विकासाशी निगडित असा आजन्म फरक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचे वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला. परिस्थिती आहे तशीच राहावी हा या मुलांचा आग्रह त्यांनी तेव्हाच ठळकपणे नोंदवला होता. त्यातील एका मुलाच्या घराचे स्थलांतर होत होते. हमालांनी त्याच्या खोलीतील गालिचा गुंडाळताच तो अत्यंत अस्वस्थ झाला आणि नव्या घरात आपले सामान पूर्वीसारखेच मांडलेले दिसल्यावर शांत झाला. घर बदलल्याचे दुःख त्याला नव्हते. आपले जग मोडले जात आहे आणि ते पुन्हा उभे राहील की नाही हे कळत नाही, ही त्याची व्यथा होती.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निदानसंहितेच्या पाचव्या आवृत्तीत या आग्रहाबरोबरच संवेदनांची तीव्रता किंवा मंदता हेही स्वमग्नतेचे एक लक्षण मानले आहे. रेल्वेची शिट्टी, हात सुकवण्याच्या यंत्राचा आवाज, अगरबत्तीचा वास, नव्या चादरीचा स्पर्श या गोष्टी इतरांच्या ध्यानातही येत नाहीत. स्वमग्न व्यक्तीला त्या असह्य होऊ शकतात. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक उपपत्ती मांडली. पुढे काय घडणार याचा अदमास बांधण्यातील अडचण हे स्वमग्नतेतील अनेक लक्षणांचे मूळ असू शकेल, असे तिचे सूत्र आहे. ही उपपत्ती सर्वमान्य झालेली नाही. तरीही पालकांच्या नित्य अनुभवाशी ती जुळते.

एरवी आपण प्रवासात असंख्य गोष्टी गृहीत धरतो. गाडी थांबली तर पुन्हा सुटेल, रांग लांब असली तरी सरकेल, मुक्कामाची खोली अनोळखी असली तरी रात्री झोप लागेल. हे अंदाज मनात आपोआप होत असतात. ज्याचे मन ते आपोआप करीत नाही, त्याला प्रत्येक क्षण नवा आणि अनिश्चित असतो. त्यात गर्दी व गोंगाटाची भर पडली की सहनशक्ती संपते आणि मूल किंचाळू लागते, जमिनीवर लोळते किंवा एकदम मिटून जाते. पाहणाऱ्याला हा हट्ट किंवा लाडावलेपणा वाटतो. वास्तविक हट्टामागे काही मिळवण्याचा हेतू असतो आणि ते मिळाले की हट्ट थांबतो. येथे मिळवायचे काहीच नसते. ताण पेलेनासा झाल्याचे ते लक्षण असते.

यावरून नियोजनाचे महत्त्व स्पष्ट होते. चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीला जसा उतार, दृष्टिहीन व्यक्तीला जशी ब्रेल लिपी, तशी स्वमग्न व्यक्तीला पुढे काय होणार याची आगाऊ माहिती. ही चैन नव्हे. त्या माहितीवाचून दार उघडे असूनही त्यांना आत जाता येत नाही.

बंगळुरूची परिस्थिती

बंगळुरू हे स्थलांतरितांचे शहर आहे. माहिती तंत्रज्ञान आणि अन्य उद्योगांच्या निमित्ताने येथे आलेल्या हजारो कुटुंबांत मराठी भाषक कुटुंबेही मोठ्या संख्येने आहेत. आजी-आजोबा पुणे, कोल्हापूर, सोलापूर किंवा बेळगावला आणि मूल बंगळुरूच्या सदनिकेत, अशी ही रचना असते. त्यामुळे गावी जाणे ही या कुटुंबांच्या दृष्टीने हौस राहत नाही, नाते टिकवण्याची ती एकमेव वाट असते. दुसरीकडे राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था, म्हणजे सर्वपरिचित निम्हान्स, याच शहरात असल्याने निदान व उपचारांसाठी परगावांहूनही कुटुंबे येथे येतात. त्यांच्याही वाट्याला प्रवास येतोच.

नियोजनाचा सराव करण्यास मात्र हे शहर सोयीचे आहे. २० ऑक्टोबर २०११ रोजी बैयप्पनहळ्ळी ते महात्मा गांधी रोड या टप्प्याने सुरू झालेली नम्म मेट्रो ही सरावाची उत्तम शाळा होय. स्थानकांची नावे ठरलेली, उद्घोषणा ठरलेली, दारे उघडण्याची वेळ जवळजवळ ठरलेली. दुपारच्या कमी गर्दीच्या वेळी आधी एकच स्थानक, मग तीन, मग गाडी बदलणे, असा क्रम ठेवता येतो. कब्बन पार्कमध्ये सकाळी लवकर जाता येते. लालबागेत वर्षभर जावे, पण जानेवारी व ऑगस्टमधील पुष्पप्रदर्शनांचा गर्दीचा काळ टाळावा. बन्नेरघट्टा प्राणी उद्यान मंगळवारी बंद असते. अशी साधी माहिती आधी न घेतल्यास बंद दारापुढे उभे राहण्याची वेळ येते आणि "आज वाघ बघायचा" असे ठरवून आलेल्या मुलाला ते बंद दार समजावून सांगणे सोपे नसते.

नियोजन कसे करावे : म्हैसूरचे उदाहरण

समजा, बंगळुरूतील एका कुटुंबाला दहा वर्षांच्या स्वमग्न मुलासह म्हैसूरला दोन दिवस जायचे आहे. अंतर रेल्वेने सुमारे १४० किलोमीटर. याची तयारी साधारणपणे पुढील टप्प्यांनी करावी.

पहिला टप्पा माहिती गोळा करण्याचा. कोणते स्थळ कोणत्या वारी बंद असते, गर्दी केव्हा असते, प्रसाधनगृह कोठे आहे, बसायला सावली आहे का, याची नोंद पालकांनी स्वतः करावी. म्हैसूरचे प्राणिसंग्रहालय १८९२ पासूनचे आहे. तेही मंगळवारी बंद असते. राजवाड्यात पादत्राणे काढावी लागतात. ज्या मुलाला अनवाणी चालणे सहन होत नाही, त्याला हे घरीच सांगून थोडा सराव द्यावा. रविवारी व सार्वजनिक सुटीच्या दिवशी संध्याकाळी राजवाड्यावरील सुमारे लाखभर दिवे एकाच वेळी लागतात. ते दृश्य मोठे मनोहर असते, पण त्या वेळी प्रांगणात दाटी होते आणि प्रकाश एकदम उजळतो. ते पाहायचेच असेल तर दूर, मोकळ्या जागी उभे राहून पाहावे. दसऱ्याच्या दिवसांत पहिलीच सहल योजू नये.

दुसरा टप्पा माहिती मुलाच्या भाषेत आणण्याचा. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉपलर यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात विकसित झालेल्या टीच पद्धतीत चित्रमय वेळापत्रकाला मध्यवर्ती स्थान आहे. शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी सामाजिक कथांची पद्धत रूढ केली. एखादा प्रसंग कसा घडेल, तेथे लोक काय करतात आणि आपण काय करू शकतो, हे छोट्या वाक्यांत आणि चित्रांत सांगणे, असे तिचे स्वरूप आहे. दोन्हींसाठी महागडे साहित्य लागत नाही. वहीचे कागद, छायाचित्रे आणि डिंक एवढे पुरते. आपल्या उदाहरणात स्थानकांची एक पट्टी करावी : बंगळुरू, केंगेरी, रामनगर, चन्नपट्टण, मद्दूर, मंड्या, श्रीरंगपट्टण, म्हैसूर. चन्नपट्टणपुढे लाकडी खेळण्याचे चित्र, मद्दूरपुढे वड्याचे, श्रीरंगपट्टणपुढे कावेरीवरील पुलाचे. प्रत्येक स्थानक मागे पडले की मुलाने खूण करावी. "अजून किती वेळ?" या प्रश्नाचे उत्तर मग त्याच्याच हातात असते.

तिसरा टप्पा सरावाचा. जी बॅग न्यायची ती आठवडाभर आधी खोलीत ठेवावी. प्रवासात घालायचे नवे कपडे दोनदा धुऊन घरात वापरून घ्यावेत. कान झाकणारे हेडफोन वापरण्याची सवय घरीच लावावी. गाडी न पकडता एकदा रेल्वेस्थानकावर जाऊन फलाट पाहून यावा.

चौथा टप्पा ओळखीचे काही सोबत नेण्याचा. स्वतःची उशी, नेहमीचा पेला, ठरावीक बिस्किटे, घरचा मेतकूट-भात शिजवता येईल एवढे सामान ही ओझी नव्हेत. अनोळखी खोलीत घराचा एक कोपरा त्यामुळे तयार होतो. अनेक स्वमग्न मुले मोजकेच पदार्थ खातात. सहलीचे दोन दिवस ही सवय मोडण्याची वेळ नव्हे. मुलाला अपस्मारासारखा आजार असल्यास औषधे व डॉक्टरांची चिठ्ठी हातातील पिशवीत ठेवावी.

पाचवा टप्पा बदलाच्या तयारीचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. वेळापत्रक जितके रेखीव, तितकी ते मोडल्यावर होणारी घालमेल मोठी. म्हणून वेळापत्रकातच "बदल" नावाचे एक कार्ड असावे. घरी असताना लहानसहान, गमतीच्या बदलांसाठी ते वापरावे : आज पोळीऐवजी डोसा, बागेऐवजी गच्ची. कार्ड दिसले म्हणजे काहीतरी वेगळे होईल, पण नवे काय तेही लगेच सांगितले जाईल, हा विश्वास बसला की गाडी एक तास उशिरा येणे हेही वेळापत्रकाबाहेरचे संकट राहत नाही. पाऊस आला तर काय, खोली मिळाली नाही तर काय, थकवा आला तर कोठे बसायचे, याची पर्यायी उत्तरे कागदावर तयार असावीत.

शेवटी परतीचे नियोजन. शाळा सुरू होण्याच्या आदल्या रात्री घरी पोहोचू नये. एक मोकळा दिवस हाती ठेवावा. दोन दिवसांत पाच स्थळे पाहण्याचा आग्रह सोडून दिवसाला एक स्थळ पाहिले, तरी सहल पूर्ण झाली असे मानावे.

आप्तेष्टांची तयारी

म्हैसूरचा अनुभव गाठीशी आला की गावचा लांबचा प्रवास योजता येतो. बंगळुरूहून सोलापूर व पुण्यामार्गे मुंबईला जाणाऱ्या उद्यान एक्स्प्रेससारख्या गाडीत रात्र काढावी लागते. त्यामुळे झोपण्याच्या जागेचे, दिवे मालवण्याचे आणि सहप्रवाशांचे चित्रही वेळापत्रकात यावे. येथे दुसरी तयारी मुलाची नसून नातेवाइकांची असते. "ओळखलंस का मला?" म्हणत गालगुच्चा घेणे, पानात आग्रहाने वाढणे, दहा जणांनी एकदम भोवती जमणे ही आपल्याकडील प्रेमाची रीत आहे. स्वमग्न मुलाला तिचा त्रास होऊ शकतो. पालकांनी आधीच दूरध्वनीवर किंवा चार ओळींच्या पत्राने कळवावे : त्याला जवळ घेण्याची घाई करू नका, तो उत्तर देईपर्यंत थांबा, एक खोली शांत ठेवा, फटाके किंवा ढोल-ताशे केव्हा वाजणार ते आधी सांगा. घरातील वडीलधाऱ्यांच्या छायाचित्रांचा एक छोटा संग्रह मुलाला आधीपासून दाखवला, तर भेट अनोळखी राहत नाही.

भावंडांचाही विचार व्हावा. प्रत्येक सहलीत त्यांच्या आवडीचा एखादा तास राखून ठेवावा आणि त्या वेळी आई-वडिलांपैकी एकाने पूर्णपणे त्यांच्याबरोबर असावे. नियोजनाचा सारा भार आईवर पडतो, हेही आपल्याकडील वास्तव आहे. तो वाटून घेतला नाही, तर सहलीतून आई थकूनच परतते.

स्वमग्न मुले मोठी होतात, ही गोष्ट समाज पुष्कळदा विसरतो. नोकरी करणाऱ्या, स्वतःची तिकिटे स्वतः काढणाऱ्या स्वमग्न प्रौढ व्यक्ती आपल्या शहरांत आहेत. तास-मिनिटांसह आराखडा आखणे ही त्यांची स्वतःची पद्धत असते. कुटुंबीयांनी तिची चेष्टा करू नये, उलट आराखड्याचे काम विश्वासाने त्यांच्याकडे सोपवावे. बोलता न येणाऱ्या व्यक्तीलाही दोन चित्रांतून एक निवडण्याची संधी देता येते. ज्याच्यासाठी बेत आखायचा, त्याचा त्यात सहभाग असणे हा त्याच्या सन्मानाचा प्रश्न आहे.

कायदा, सवलती आणि यंत्रणा

राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ मुळे स्वमग्नतेला प्रथमच वैधानिक स्थान मिळाले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला आणि त्यातील २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्वमग्नतेचा समावेश झाला. सांस्कृतिक जीवन व मनोरंजन यांतील सहभागाची तरतूद या कायद्यात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी अनुसमर्थन दिले. या कराराचे ३० वे कलम पर्यटनस्थळांपर्यंत पोहोचण्याच्या हक्काविषयी बोलते. म्हणजेच सहल हा हक्काचा विषय आहे.

विमानप्रवासाबाबत मे २०२२ मधील घटना बोधप्रद आहे. रांची विमानतळावर एका दिव्यांग मुलाला विमानात प्रवेश नाकारण्यात आला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने संबंधित कंपनीला पाच लाख रुपयांचा दंड केला आणि अधिक सहृदयतेने वागणूक मिळाली असती तर मूल शांत झाले असते, असे नमूद केले. त्यानंतर जुलै २०२२ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली. केवळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून प्रवास नाकारता येत नाही. प्रवाशाची प्रकृती प्रवासात बिघडेल अशी शंका असल्यास डॉक्टरांकडून प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावी लागते. विशेष साहाय्य हवे असल्यास प्रवाशाने किमान ४८ तास आधी कळवावे, अशी अपेक्षा आहे. पालकांनी हे लेखी कळवून त्याची प्रत जवळ ठेवावी.

देवनहळ्ळी येथे मे २००८ मध्ये सुरू झालेल्या बंगळुरू विमानतळाने या बाबतीत स्वागतार्ह पावले टाकली आहेत. वरवर न दिसणारे दिव्यांगत्व असलेल्या प्रवाशांसाठी सूर्यफुलाचे चिन्ह असलेली गळ्यातील फीत तेथे दिली जाते. ही कल्पना २०१६ मध्ये लंडनजवळील गॅटविक विमानतळावर प्रथम अमलात आली. फीत पाहून कर्मचाऱ्याला कळते की या व्यक्तीला थोडा अधिक वेळ आणि सौम्य वागणूक हवी आहे. दुसऱ्या टर्मिनलमध्ये गोंगाटापासून दूर शांत होण्यासाठी संवेदन-कक्षही उभारण्यात आला आहे.

रेल्वेत १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत ६० दिवसांची आहे. ती सुरू होण्यापूर्वीच सहलीचा आराखडा तयार असेल, तर दाराजवळची किंवा प्रसाधनगृहाजवळची गजबजलेली जागा टाळता येते. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या बौद्धिक दिव्यांग व्यक्तीस व तिच्या सोबत्यास भाड्यात सवलत आहे. आपल्या मुलाचे प्रमाणपत्र या निकषात बसते का, याची चौकशी प्रवासाच्या बरीच आधी करावी. स्वमग्नतेचे मोजमाप करण्यासाठी स्वमग्नता मूल्यमापनाची भारतीय श्रेणी, म्हणजे इसा, वापरली जाते आणि त्याआधारे प्रमाणपत्र व वैश्विक दिव्यांग ओळखपत्र मिळते. या ओळखपत्राची प्रत प्रत्येक प्रवासात बरोबर असावी. गर्दीत हरवण्याचा धोका लक्षात घेऊन मुलाच्या मनगटावर पालकांचा दूरध्वनी क्रमांक असलेली पट्टी बांधावी आणि त्याच दिवशी सकाळी काढलेले छायाचित्र जवळ ठेवावे. आपत्कालीन मदतीसाठी ११२, बालकांसाठी १०९८ आणि रेल्वेसाठी १३९ हे क्रमांक घरातील सर्वांना पाठ असावेत.

पुढील दिशा

सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात दिलेल्या निकालात सुगम्यतेचे किमान निकष बंधनकारक असले पाहिजेत, असे स्पष्ट केले. आजवर सुगम्यता म्हणजे उतार, उद्वाहक आणि रुंद दारे असाच अर्थ प्राधान्याने घेतला गेला. तो आवश्यकच आहे, मात्र स्वमग्न व्यक्तीची पायरी दगडाची नसते, अनिश्चिततेची असते. ती दूर करण्यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. प्रत्येक प्राणिसंग्रहालय, वस्तुसंग्रहालय, मंदिर व्यवस्थापन आणि रेल्वेस्थानक यांनी प्रवेशद्वारापासून बाहेर पडण्यापर्यंतच्या वाटेची छायाचित्रांसह एक पूर्वदर्शन पुस्तिका कन्नड, मराठी अशा प्रादेशिक भाषांत प्रसिद्ध करावी. कोठे मोठा आवाज होतो, कोठे रांग लागते आणि कोठे शांत बसता येते, हे तीत नमूद असावे. आठवड्यातून एखादा तास कमी आवाजाचा व मर्यादित प्रवेशाचा ठेवावा. सुरक्षारक्षक, वाहक आणि तिकीट तपासनीस यांच्या प्रशिक्षणात स्वमग्नतेची तोंडओळख असावी.

आज ही सारी माहिती प्रत्येक आई-वडील स्वतंत्रपणे, फोन करून, चौकशा करून, कधी आधी एकटे जाऊन पाहून गोळा करतात. एकाने मिळवलेली माहिती दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही. तीच माहिती संबंधित संस्थेने एकदा तयार केली, तर हजारो कुटुंबांचे श्रम वाचतील. तिचा लाभ वृद्धांना, प्रथमच प्रवास करणाऱ्या ग्रामीण कुटुंबांना आणि परभाषक प्रवाशांनाही होईल. स्वमग्न मुलाच्या वहीतील स्थानकांची पट्टी पालकांनी बनवायची आहेच. ती खरी ठरावी, म्हणजे गाडी, दार आणि माणसे त्यात लिहिल्याप्रमाणे भेटावीत, ही जबाबदारी मात्र सार्वजनिक व्यवस्थेची आहे.